फ्रेमच्या पोटातलं पाणी

सायकलच्या फ्रेमवर गंज दिसला की बहुतेक जण आधी तो घासायला घेतात. पॉलिश पेपर आणायचा, लाल चट्टा चकचकीत होईपर्यंत घासायचा, वर रंगाचा एक हात मारायचा आणि काम झालं असं समजायचं. ही मेहनत वाया जाते असं नाही, पण ती बहुधा चुकीच्या जागी होते. दुरुस्तीच्या बाकावर येणाऱ्या गंजक्या फ्रेम्स सलग काही वर्षं पाहिल्या की एक गोष्ट हळूहळू ठळक होत जाते. वरच्या दांड्यावर लाल ओरखडे घेऊन फिरणारी फ्रेम त्या ओरखड्यांपाशी सहसा तुटत नाही. गंजामुळे फ्रेम जाते ती खाली: पायडलचा ॲक्सल ज्यात बसतो त्या घरापाशी, सीटखालच्या नळीच्या शेवटच्या चार-सहा बोटांत, किंवा तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन बारीक नळ्यांच्या मुळाशी. आणि ती आतून जाते. बाहेरचा रंग धड असतो, कंपनीचं स्टिकरही जागेवर असतं, नळीची भिंत मात्र कागदासारखी झालेली असते. म्हणून माझं म्हणणं असं की सायकलचा गंज रंगावरून ओळखूच नये. पाणी कुठे शिरतं, कुठे थांबतं आणि किती वेळ थांबतं, एवढ्यावरून तो ओळखावा आणि मेहनतही त्याच हिशेबाने वाटावी.

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, हे शाळेत शिकवलं जातं. त्यात वेळेचा हिशेब मात्र सहसा सांगितला जात नाही. पाऊस किती मिलिमीटर पडला याला गंजाच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही, पृष्ठभाग किती तास ओला राहिला याला आहे. धो धो पावसात भिजून तासाभरात वाऱ्याने वाळलेल्या नळीचं नुकसान अगदी थोडं होतं. उलट चमचाभर पाणी बंदिस्त जागी पंधरा दिवस राहिलं तर ते त्यापेक्षा कितीतरी जास्त लोखंड खातं. स्वच्छ लोखंडावर गंज वेगाने चढायला हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या पुढे जावी लागते. पृष्ठभागावर मीठ असेल तर हा उंबरा बराच खाली येतो. साधं मीठ पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास हवेतलं पाणी ओढून विरघळतं, तर समुद्राच्या मिठात मिसळलेलं मॅग्नेशियम क्लोराइड तेहतीस टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे रत्नागिरी, मालवण, पणजी किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या वस्तीत ज्या फ्रेमवर खाऱ्या वाऱ्याचा थर बसला आहे ती पावसाळा संपल्यावरही खऱ्या अर्थाने कोरडी होत नाही. हाताला कोरडी लागते एवढंच. पुण्यात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. पण दोन्हीकडच्या फ्रेम्समधला फरक पावसाच्या या आकड्यांपेक्षा मिठाने जास्त पडतो. कोकणात आणि गोव्यात मासळीची पाटी कॅरिअरवर बांधून फिरणाऱ्यांच्या सायकली पाहिल्या तर हे स्पष्ट दिसतं. बर्फाचं खारं पाणी मागच्या नळ्यांवर ठिबकत राहतं, आणि त्याच सायकलचा पुढचा भाग धडधाकट असताना मागचा भाग पोखरलेला असतो.

आता भिंतीच्या जाडीचं गणित मांडू. हवेत उघड्या असलेल्या साध्या पोलादाचं पहिल्या वर्षात किती नुकसान होतं त्यावरून आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात हवामानाचे वर्ग पाडले आहेत. सौम्य हवेत वर्षाला पंचवीस मायक्रॉनच्या आत, मध्यम हवेत पंचवीस ते पन्नास, खाऱ्या किंवा धुरकट हवेत पन्नास ते ऐंशी, आणि त्याहून कडक ठिकाणी ऐंशी ते दोनशे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, त्यामुळे हे आकडे ऐकायला किरकोळ वाटतात. पण चांगल्या क्रोमोली पोलादाच्या फ्रेमच्या नळीची मधली भिंत पुष्कळदा ०.६ मिलिमीटर, म्हणजे सहाशे मायक्रॉन असते. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली आणलेल्या ५३१ या नळीत ती ०.५ मिलिमीटरपर्यंतही उतरते. अशा भिंतीतून दोनशे मायक्रॉन गेले तर नळीची जाडी तिसऱ्या हिश्शाने घटली आणि उरलेल्या धातूवरचा ताण दीडपट झाला. शिवाय गंज सगळीकडे सारखा खात नाही, टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पाडत जातो. सरासरी दोनशे मायक्रॉनची असली तरी एखादा खड्डा आरपार गेलेला असू शकतो. आणि तडा जायचा तर तो खड्ड्याच्या तळाशीच सुरू होतो.

पोलादाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. ताण एका ठरावीक मर्यादेखाली ठेवला तर पोलाद कितीही वेळा वाकलं-सरळ झालं तरी थकत नाही, ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते, म्हणून पोलादी फ्रेम जन्मभर टिकते. यातली पहिली दोन विधानं खरी आहेत. तिसरं फक्त कोरड्या पोलादाला लागू पडतं. खाऱ्या ओलाव्यात सतत कमी-जास्त ताण सोसणाऱ्या साध्या पोलादाला ती सुरक्षित मर्यादा उरतच नाही. गंज आणि थकवा एकमेकांना हात देतात आणि कमी ताणाखालीही तडा पुढे सरकत राहतो. पायडलच्या ॲक्सलचं घर, दुकानात ज्याला बीबी म्हणतात, ही फ्रेममधली सर्वांत जास्त पिळवटली जाणारी जागा. प्रत्येक पायडलला ती डावी-उजवीकडे किंचित वाकते. फ्रेममधली सर्वांत खोल जागाही हीच, त्यामुळे शिरलेलं सगळं पाणी अखेर इथेच येतं. जास्तीत जास्त ताण आणि जास्तीत जास्त ओल एकाच ठिकाणी आल्याने बाकीच्या फ्रेमच्या मानाने हा कोपरा फार लवकर खचतो. क्रोमोली म्हणजे क्रोमियम असलेलं पोलाद, त्यामुळे ते गंजत नाही, असा एक समज आहे. त्यात क्रोमियम असतं ते जेमतेम एक टक्का, आणि ते ताकदीसाठी. गंजरोधक म्हणवायला किमान साडेदहा टक्के लागतं. क्रोमोली साध्या लोखंडाइतकंच गंजतं, आणि त्याची भिंत पातळ असल्याने त्याच्याकडे गमावायला धातू कमी असतो.

पाणी आत जातं कुठून? सर्वांत मोठी वाट सीटपाशी आहे. सीटची दांडी आवळता यावी म्हणून नळीला मागच्या बाजूने एक उभी खाच दिलेली असते. मागच्या चाकाचं पाणी नेमकं त्या खाचेवर उडतं, आणि मडगार्ड नसेल तर ओल्या रस्त्यावरच्या एका फेरीतही पुष्कळ पाणी आत उतरतं. दुसरी वाट हँडलच्या बेअरिंगमधून, तिसरी मागच्या नळ्यांना जोडकाम करताना ठेवलेल्या बारीक भोकांतून. वेल्डिंग किंवा ब्रेझिंगच्या वेळी तापलेली हवा बाहेर पडावी म्हणून ही भोकं लागतात, पुढे ती कुणी बुजवत नाही. बीबीचे कप काढून आत उजेड टाकला की पाण्याचा माग स्पष्ट दिसतो: तपकिरी चिखल, गंजाची पूड, कधी वाळू, आणि जिथपर्यंत पाणी साचलं होतं तिथे तलावाच्या काठासारखी रेघ. भंगारात निघालेली नळी उभी चिरली तर पुष्कळदा वरचा सगळा भाग कारखान्यातून आला तसा काळसर-निळा असतो आणि त्या रेघेखालचा तेवढा पोपडे धरलेला. एकाच नळीचं एकच पोलाद, तेवढीच वर्षं वापरलेलं. फरक पडला तो फक्त पाणी थांबण्याने.

काही जाणकार यावर म्हणतात की पाणी बाहेरून यायलाच नको, फ्रेम दिवसा तापते, रात्री थंड होते, त्यात ती दमट हवा आत ओढते आणि आत दव धरतं, त्यामुळे खाच बंद करून काय साधणार? हे तपासून बघता येतं. नेहमीच्या फ्रेमची आतली पोकळी सव्वा लिटरच्या आसपास भरते. तीस अंशांना पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे तीस ग्रॅम पाणी असतं, पंचवीस अंशांना तेवीस. म्हणजे रात्री पाच अंश उतरले तर सव्वा लिटर हवेतून नऊ मिलिग्रॅम पाणी सुटेल, थेंबाचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. दिवसा त्यातलं बरंचसं पुन्हा हवेत जातं. उलट सीटच्या खाचेतून आलेलं चमचाभर पाणी म्हणजे पाच हजार मिलिग्रॅम, दीड वर्षाच्या रात्रींचं दव एकदम ओतल्यासारखं. दव खोटं नाही, आतल्या भिंतीवर हलका लाल पापुद्रा ते आणतं. पण भोकं पाडणारा गंज ओतलेल्या पाण्याचा असतो. म्हणून जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा कापून तो सीटच्या आवळपट्टीवरून चढवणं, आणि मागे पूर्ण लांबीचं मडगार्ड बसवणं, हे दोन स्वस्त उपाय रंगाच्या डब्यापेक्षा जास्त काम करतात. बीबीच्या तळाला पाच-सहा मिलिमीटरचं एक भोक असावं हेही तितकंच महत्त्वाचं. भोकाने फ्रेम कमकुवत होईल ही भीती ऐकू येते, पण बीबीच्या घराची भिंत नळ्यांच्या मानाने चांगली जाड असते, आणि जोडाच्या शिवणीपासून दूर, तळाच्या मध्यावर पाडलेल्या छोट्या भोकाने तिला धक्का पोचत नाही. दुसरी शंका अशी की पुढच्या चाकाचं पाणी त्याच भोकातून आत जाईल. थोडं जातं, पण तेच भोक ते बाहेरही सोडतं. निचरा असलेल्या जागी येऊन-जाऊन असणारं पाणी साचलेल्या पाण्याइतकं नुकसान करत नाही. ही मुळात कारखान्यानेच करून द्यायची गोष्ट आहे. जिथे ते भोक नाही तिथे ते पाडून घेण्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. आजोबांच्या काळातली काळी सायकल पन्नास वर्षं चालली, तिला कुणी आतून तेल सोडलं नव्हतं, मग ही काळजी कशाला? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचं उत्तर शोधताना बरंच काही हाती लागतं. एक तर त्या सायकलींच्या नळ्या जाड होत्या. साध्या पोलादाच्या, मिलिमीटरहून जास्त भिंतीच्या नळीला गंजाने खायला बराच धातू मिळतो. दुसरं म्हणजे त्यांना पुढे-मागे पूर्ण मडगार्ड असे आणि सीटच्या खाचेवर चाकाचं पाणी सहसा उडतच नसे. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्या सायकली दरवर्षी खोलल्या जात. पावसाळ्यानंतर ओव्हरहॉलिंग करून घ्यायची पद्धत होती, कारण सुटे छर्रे आणि कप-कोन असलेलं बीबी पाणी शिरलं की खरखर करायचं आणि मालकाला दुकानात जावंच लागायचं. कारागीर कप काढायचा, चिखल पुसायचा, रॉकेलने धुवायचा, नवं ग्रीस भरायचा. त्याच्या लेखी ते छर्ऱ्यांचं काम होतं, पण त्यातच फ्रेमच्या पोटातलं पाणीही वर्षातून एकदा निघून जायचं आणि थोडं ग्रीस आतल्या भिंतीला लागायचं. आता बीबीमध्ये सीलबंद कार्ट्रिज येतं. ते वर्षानुवर्षं आवाज न करता चालतं, त्यामुळे कुणी ते काढत नाही. कार्ट्रिज कोरडं राहतं आणि त्याच्या भोवती, फ्रेमच्या पोकळीत, पाणी तसंच बसून राहतं. सोय वाढली आणि तिच्याबरोबर वर्षातून एकदा आत डोकावण्याची संधी गेली. म्हणून नव्या सायकलीबद्दल मी आग्रहाने सांगतो: बेअरिंग उत्तम असलं तरी दोन वर्षांतून एकदा कार्ट्रिज काढून आत बघा, आणि आट्यांना भरपूर ग्रीस लावून परत बसवा. ग्रीस नसेल तर पाच-सात वर्षांनी ते गंजाने इतकं पक्कं धरतं की काढताना घराचे आटेच निघून येतात. सीटच्या दांडीचंही तेच. ॲल्युमिनियमची दांडी पोलादी नळीत कोरडी बसवली तर दोन धातूंमधल्या ओलाव्याने तिच्यावर पांढरा क्षार धरतो, तो फुगतो आणि दांडी कायमची अडकते. दर पावसाळ्याआधी ती काढून, पुसून, ग्रीस लावून घालायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

बाहेरच्या गंजाचं काय करायचं, याकडे आता वळू. तो निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. फक्त त्यात दोन प्रकार वेगळे करायला हवेत. रंग खरवडून उघड्या पडलेल्या लोखंडावरचा लाल पावडरीसारखा गंज हा वरवरचा, बोटाने पुसला तरी थोडा निघतो. रंगाखाली फोड येऊन सरकत जाणारा गंज मात्र गंभीर, कारण तिथे रंगच ओल धरून ठेवतो. पहिल्याला पॉलिश पेपर पुरतो. दुसऱ्याला फोडाच्या कडेपलीकडचा, धड दिसणारा रंगही बोटभर काढावा लागतो, नाहीतर नव्या रंगाखाली तीच धाव पुढे चालू राहते. खड्ड्यांच्या तळाशी पेपर पोचत नाही. तिथे फॉस्फोरिक ॲसिड असलेलं गंज-परिवर्तक लावतात, ते गंजाचं घट्ट फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं. टॅनिनवर चालणारी परिवर्तकंही असतात, त्यांनी गंज निळसर काळा होतो. हिरड्यातल्या टॅनिनचा आणि लोखंडाचा हाच संयोग आपल्याकडे काळ्या शाईला आणि कापडाच्या काळ्या रंगाला पूर्वापार वापरला गेला आहे. सगळी फ्रेम उघडी करून बुडवायची असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी गंज चांगला सोडवतं, पण ते विषारी आहे, हातमोजे आणि मोकळी हवा हवीच, आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच वाळवणंही. संडास धुण्याचं ॲसिड मात्र कधीही वापरू नये. ते झटपट चमक आणतं म्हणून लोक ओततात, पण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्यातलं क्लोराइड खड्ड्यांत आणि सांध्यांत राहून जातं आणि आठवड्याभरात गंज पहिल्याहून जोरात परत येतो. क्रोम केलेल्या हँडल-रिमवरचे लाल ठिपके घालवायला ॲसिडची गरजच नाही. ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासला की ते जातात.

मग रेड ऑक्साइडचा हात. हा प्रायमर म्हणजे रंगद्रव्य म्हणून लोहाचं ऑक्साइडच. गेरूतही तेच, आणि गंजही त्याच कुळातला. गंजावरच गंजाचा थर देऊन काय मिळणार, असा प्रश्न विचारला जातो तो म्हणूनच बिनतोड वाटतो. फरक रचनेचा आहे. नळीवर धरलेला गंज सच्छिद्र असतो, मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, पाणी आणि मीठ शोषून ठेवतो आणि पोपडे होऊन सुटतो. प्रायमरमधले ऑक्साइडचे कण तेलात किंवा राळेत घट्ट बसलेले असतात, त्यांच्यातून पाण्याला वाट सहज मिळत नाही. राखण करतं ते बांधणारं द्रव्य. म्हणून सुट्या गंजावर कितीही जाड रेड ऑक्साइड फासलं तरी ते टिकत नाही. त्याला धरायला घट्ट लोखंड किंवा नीट परिवर्तित झालेला थर लागतो.

इथे दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला हमखास पुढे येतो. सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, गंजला नाही, म्हणजे जुनं लोखंडच चांगलं होतं आणि आजच्याला काही केल्या गंज लागणारच. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्या स्तंभाचा बारकाईने अभ्यास केला. त्यात फॉस्फरसचं प्रमाण आजच्या पोलादाच्या मानाने कितीतरी जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ, चिवट राखणदार थर तयार झाला, असं त्यांचं स्पष्टीकरण. आज पोलाद बनवताना फॉस्फरस मुद्दाम काढून टाकतात, कारण त्याने धातू ठिसूळ होतो, आणि सायकलच्या नळीला ठिसूळपणा परवडत नाही. पण त्या स्तंभाबद्दल दुसरी एक गोष्ट क्वचित सांगितली जाते. जमिनीखाली गाडलेला त्याचा भाग खणून पाहिला तेव्हा त्यावर गंजाचे जाड थर आढळले. एकाच स्तंभाचा वरचा भाग दिल्लीच्या कोरड्या वाऱ्यात टिकला आणि तळ ओल्या मातीत खाल्ला गेला. त्या लोखंडाच्या गुणाबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण ओल थांबली तिथे तो गुणही पुरा पडला नाही.

पावडर कोटिंग करून घ्या म्हणजे कटकट मिटेल, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. कोटिंग चांगलं असतं. फ्रेम स्वच्छ करून, फॉस्फेटचा थर देऊन, पावडर उडवून भट्टीत सुमारे १८० ते २०० अंशांना भाजली तर साध्या रंगापेक्षा चिवट कवच मिळतं. पण पावडर नळीच्या आत जात नाही. आत पाणी आणि पूड असताना बाहेरून सुंदर कवच चढवलं, तर बाहेरून कळण्याची जी थोडी शक्यता होती तीही संपते. साध्या रंगाला फोड येऊन निदान इशारा तरी मिळतो. शिवाय जुना रंग काढायला वाळूचा मारा करतात, त्यात आधीच पातळ झालेल्या जागा आणखी पातळ होतात आणि वाळू नळ्यांत जाऊन बसते. म्हणून क्रम असा हवा: आधी आतून तपासणी, मग निचरा, मग बाहेरचं कवच, आणि कवच झाल्यावर आतलं तेल. तेल आधी सोडलं तर भट्टीत ते जळेल आणि कडांना कोटिंग धरणार नाही.

आत काय सोडायचं यावर प्रत्येक कारागिराचं वेगळं मत असतं. माझा कौल रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळणाऱ्या उकळलेल्या जवसाच्या तेलाला. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि भिंतीवर चिवट पापुद्रा धरतं, नुसतं ओलं राहत नाही. कच्चं जवस तेल वाळायला फार दिवस लावतं. सीटची दांडी, चिमटा, बीबी सगळं काढून फ्रेम दोन दिवस उन्हात सुकवायची, उलटी-सुलटी करून लाकडाच्या तुकड्याने ठोकत सुटा गंज बाहेर काढायचा, मग प्रत्येक नळीत थोडं तेल ओतून फ्रेम हळूहळू सगळ्या बाजूंनी फिरवायची, उरलेलं निथळू द्यायचं आणि आठवडाभर टांगून ठेवायची. आटे लगेच पुसायचे. एक धोका लक्षात ठेवायचा: या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी. गाडीचं जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून ते ओतायचा सल्ला दिला जातो. ते घट्ट होत नाही, गरमीत निथळून बीबीत उतरतं, ग्रीस पातळ करतं, ओघळून रिमपर्यंत गेलं तर ब्रेक लागत नाही, आणि त्यात ज्वलनाची आम्लंही असतात. अर्थात जवसाचा पापुद्रासुद्धा साचलेल्या पाण्यापुढे कायम टिकत नाही. तळाचं भोक बंद असेल तर कुठल्याच तेलावर विसंबू नये.

ॲल्युमिनियम घेतलं तर गंजाचा प्रश्नच नाही, असं म्हणणाऱ्यांना थोडक्यात एवढंच सांगेन की मीठ त्यालाही खातं, फक्त तो गंज पांढरा असतो. आणि तडा गेलेली ॲल्युमिनियमची फ्रेम तालुक्याच्या गावात जोडून मिळत नाही, पोलादी मिळते. हा फायदा मोठा आहे आणि तो राखण्यासाठीच ही सगळी खटपट.

रोजच्या सवयींतही पाणी थांबण्याचा विचार ठेवला तर फरक पडतो. सायकल उघड्यावर राहते म्हणून तिच्यावर प्लास्टिकचं आच्छादन जमिनीपर्यंत घट्ट बांधलं की आतली ओल बाहेर जात नाही. वरून छप्पर आणि बाजूंनी वारा हे जास्त चांगलं. खंडेनवमीला सायकली धुऊन-पुसून पुजण्याची आपली रीत मला फार मोलाची वाटते, कारण ती पावसाळा संपताना येते आणि हत्यारांची विचारपूस नेमकी तेव्हाच व्हायला हवी. मात्र धुताना सायकल उलटी ठेवून पाइपने जोरात पाणी मारलं तर ते बीबीच्या आणि मागच्या नळ्यांच्या भोकांतून सरळ आत जातं. सरळ उभी ठेवून, मगाने पाणी घेऊन, फडक्याने धुवावी. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी तर गोड्या पाण्याचं ओलं फडकं आठवड्यातून एकदा फिरवावं, कारण तिथे मीठ काढणं हाच निम्मा उपाय आहे. धुतल्यावर सीटची दांडी काढून सायकल पाच मिनिटं उलटी धरली की आत गेलेलं पाणी सीटच्या नळीतून बाहेर येतं. ते किती आलं आणि कोणत्या रंगाचं आलं, यावरून आतली अवस्था पुष्कळ कळते. नुसतं गढूळ पाणी असेल तर वाळवून तेल सोडणं पुरेसं. पापुद्र्यांचे तुकडे पडू लागले तर बीबी खोलून बघायलाच हवं.

आणि खोलल्यावर फ्रेम ठेवायची की भंगारात घालायची, हा निर्णय डोळ्यांनी नाही, हाताने घ्यायचा असतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने नळी वरून खालपर्यंत हलके ठोकत यावं. धड नळी खणखणीत वाजते, खाल्लेल्या जागी आवाज बसका होतो. तिथे टोच्याचं टोक अंगठ्याच्या जोराने दाबावं. पत्रा दबला किंवा टोक आत गेलं तर ती नळी संपली, तिच्यावर लांबी भरून रंग देणं म्हणजे चालवणाऱ्याच्या जिवाशी खेळ. लग (नळ्यांच्या जोडावरची पोलादी बाही) असलेल्या जुन्या फ्रेममध्ये कुशल कारागीर पितळी ब्रेझिंग सोडवून एकच नळी बदलू शकतो, आणि मागच्या बारीक नळ्यांच्या बाबतीत हा खर्च बहुधा परवडतो. बीबीचं घरच आटे सोडत असेल किंवा त्याच्या तोंडाशी तडा दिसत असेल, तर फ्रेम बाजूला ठेवावी आणि चाकं, चिमटा, हँडल दुसऱ्या फ्रेमला लावावं. टोच्या टेकत नसेल, आवाज स्वच्छ असेल आणि गंज नुसता पापुद्र्याचा असेल, तर बाहेरून ती कितीही लाल दिसो, तळाला भोक पाडून, आत तेल सोडून ती रस्त्यावर परत जाऊ शकते. बाहेरचा रंग पुढच्या उन्हाळ्यात दिला तरी चालेल.